दोन भार, एक वारंवारता आणि मधला कोन

एकाच तुळईवर दोन सारख्या मोटारी बसवल्या आहेत. दोन्ही एकाच वेगाने फिरतात आणि दोन्हींचा तोल सारखाच थोडा बिघडलेला आहे. पहिली मोटार तुळईला वर ढकलते, नेमकी तेव्हाच दुसरी खाली दाबते. अशा वेळी तुळईचं काय होईल? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे, काहीच होणार नाही, दोन बलं एकमेकांना खोडतील.

बलांची बेरीज शून्य होते हे खरं. पण तुळई बेरजेवर वाकत नाही. कुठल्या जागी, कुठल्या क्षणी किती बल आलं, त्यावर ती वाकते. एका टोकाकडे वर आणि दुसऱ्या टोकाकडे खाली असं ढकललं, तर ती इंग्रजी एस अक्षरासारखी वाकेल, आणि वारंवारता जुळली तर एका दिशेने ढकलल्यावर हलली असती त्याहून जास्त हलेल. दोघांनी मिळून ओढायच्या करवतीचं असंच असतं. दोघांनी एकाच क्षणी आपापल्याकडे ओढलं तर करवत जागची हलत नाही, आळीपाळीने ओढलं तरच लाकूड कापलं जातं.

फेज आणि विलंब

साइनच्या लाटेसारखा चढउतार होणारा भार म्हणजे हार्मोनिक भार. तो सांगायला तीन आकडे पुरतात. बल जास्तीत जास्त किती, म्हणजे आयाम. सेकंदाला किती आवर्तनं, म्हणजे वारंवारता. आणि आपण घड्याळ सुरू केलं तेव्हा लाट कुठवर आली होती, म्हणजे फेज. एक पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं मानतात, त्यामुळे अर्धं आवर्तन मागे असलेला भार १८० अंश मागे. भार एकच असेल तर फेजला काही अर्थ नसतो, कारण घड्याळ केव्हा सुरू करायचं ते आपणच ठरवतो. दुसरा भार आला की दोघांमधला फरक हीच महत्त्वाची गोष्ट होऊन बसते.

इथे एक घोळ नेहमी होतो. विलंब आणि फेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा भार पहिल्याच्या २० मिलिसेकंद मागून येतो असं समजा. २५ हर्ट्झला एक आवर्तन ४० मिलिसेकंदांचं असतं, म्हणून हा विलंब १८० अंशांचा. ५० हर्ट्झला तोच विलंब पुऱ्या ३६० अंशांचा होतो, म्हणजे दोन्ही भार पुन्हा पावलाला पाऊल लावून चालतात. तेव्हा वारंवारतांच्या मोठ्या पट्ट्यात गणित करायचं असेल, तर आधी विचारावं की कोन कायम आहे की वेळ कायम आहे. एकाच शाफ्टवर बसवलेल्या दोन चकत्यांमधला कोन कायम असतो. रस्त्यातल्या एकाच धक्क्याने गाडीचं आधी पुढचं आणि मग मागचं चाक हादरतं, तिथे ठरावीक वेगाला वेळ कायम असते. नॅस्ट्रन या रचनांचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने आहेत, ते उगाच नाहीत.

कोन बदलला की मोड बदलतो

प्रत्येक रचनेच्या हलण्याच्या काही ठरलेल्या तऱ्हा असतात, त्यांना मोड म्हणतात. दोन टोकांना साधे आधार दिलेल्या सरळ, एकसारख्या तुळईचा पहिला मोड म्हणजे एक कमान. दुसऱ्यात एक अर्धा भाग वर आणि दुसरा खाली. तिसऱ्यात तीन फुगवटे. त्यांच्या नैसर्गिक वारंवारता १ : ४ : ९ या प्रमाणात असतात.

आता टोकापासून पाव अंतरावर एक आणि पाऊण अंतरावर एक, असे दोन सारखे भार ठेवू. एखाद्या मोडला भारांकडून किती खुराक मिळतो ते काढायला भार गुणिले त्या जागी मोडची उंची असा गुणाकार करायचा आणि सगळे गुणाकार मिळवायचे. पहिल्या मोडची उंची दोन्ही जागी ०.७०७ आहे. दुसऱ्या मोडची पहिल्या जागी १ आणि दुसऱ्या जागी −१.

दोन्ही भार एका फेजमध्ये असतील, तर पहिल्या मोडला १.४१४ मिळतात आणि दुसऱ्याला शून्य. १८० अंशांचा फरक असेल तर उलट, पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला २. फरक ९० अंशांचा असेल तर पहिल्याला १ आणि दुसऱ्याला १.४१४, म्हणजे दोघेही हलतात, तेही एकमेकांच्या पुढेमागे. तुळई तीच, मोटारी त्याच आणि वेगही तोच. कोन बदलल्याबरोबर हलण्याची तऱ्हाच बदलली.

म्हणूनच 'बलं एकमेकांना खोडतात म्हणजे सुरक्षित' या भरवशावर मी डिझाइन सोडणार नाही. त्यातून १८० अंश नेमके १८० राहत नाहीत. दहा अंश सरकून फरक १७० झाला, तर पहिल्या मोडला १.४१४ गुणिले कोसाइन ८५ अंश, म्हणजे ०.१२३ मिळतात. एका फेजमध्ये मिळाले असते त्याच्या नऊ टक्क्यांहूनही कमी, म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. पण मोटारीचा वेग पहिल्या मोडच्या वारंवारतेवर येऊन बसला असेल आणि डॅम्पिंग, म्हणजे रचनेची कंपन जिरवण्याची क्षमता, २ टक्के असेल, तर रेझोनन्सला, म्हणजे भाराची आणि मोडची वारंवारता जुळल्यावर, २५ पट वाढ होते. तेवढ्या ०.१२३ वर, दोन्ही भार एकाच दिशेने नुसते स्थिर ठेवले असते तर पहिला मोड जेवढा वाकला असता, त्याच्या दुपटीहून जास्त तो हलेल. संगणकात १८० टाइप केलं की पहिला मोड उत्तरातून सफाईने नाहीसा होतो, आणि नेमका तोच प्रत्यक्षात त्रास देतो.

संमिश्र संख्या कशाला?

दोन लाटांची बेरीज करताना प्रत्येक वेळी साइन-कोसाइनची सूत्रं मांडत बसणं जिवावर येतं. विजेच्या क्षेत्रात हा प्रश्न आधी सुटला. १८९३ साली विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी शिकागोच्या विद्युत परिषदेत प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची गणितं संमिश्र संख्यांनी करून दाखवली, आणि तीच युक्ती कंपनांना जशीच्या तशी लागू पडते. संमिश्र संख्या म्हणजे कागदावरचा एक बाण असं समजायचं. लाटेचा आयाम ही बाणाची लांबी मानायची आणि फेज हा बाणाचा कोन. बाणाची आडवी सावली म्हणजे वास्तव भाग, उभी सावली म्हणजे काल्पनिक भाग. १००० न्यूटनचा, शून्य फेजचा भार म्हणजे वास्तव १०००, काल्पनिक ०. ९० अंश पुढे असलेला म्हणजे वास्तव ०, काल्पनिक १०००. १८० अंशांचा म्हणजे वास्तव −१०००. ६० अंशांचा म्हणजे ५०० आणि ८६६. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भार याच दोन रकान्यांत भरायचा असतो, आणि 'काल्पनिक' हे नाव पाहून नवा माणूस तो रकाना रिकामा सोडतो. त्या भारात काल्पनिक असं काही नाही. पाव आवर्तन आधी किंवा नंतर येणारं ते खरंखुरं बल आहे.

मग संगणक प्रत्येक वारंवारतेला एकच समीकरण सोडवतो: ताठरता, वजा वारंवारतेचा वर्ग गुणिले वस्तुमान, अधिक डॅम्पिंगचा काल्पनिक भाग, या सगळ्याला गुणिले विस्थापन, बरोबर भार. इथली वारंवारता सेकंदाला किती रेडियन अशी मोजलेली. काळ या समीकरणात कुठेच नाही. सुरुवातीची खळबळ विरून रचना एका लयीत हलू लागली आहे, असं धरूनच हे मांडलेलं असतं. उत्तरही संमिश्र येतं. एखाद्या बिंदूचं विस्थापन वास्तव ३ आणि काल्पनिक ४ मायक्रॉन आलं, तर आयाम ५ मायक्रॉन आणि फेज सुमारे ५३ अंश. नुसता वास्तव भाग बघून '३ मायक्रॉन' असं अहवालात लिहिणारे आहेत. ती फक्त शून्य अंशाच्या क्षणाची स्थिती झाली, सर्वाधिक विस्थापन नव्हे.

एकच पंखा, तरी दोन भार

फेजचा प्रश्न दोन यंत्रं असली तरच येतो असं नाही. एकाच पंख्याच्या चाकावर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर २०० ग्रॅमचं जादा वजन आहे असं धरा. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, म्हणजे २५ हर्ट्झला, त्यातून साधारण ४९३ न्यूटनचं फिरतं बल निघतं. वेग दुप्पट झाला की बल चौपट होतं. हे बल चाकाबरोबर गोल फिरतं, आणि फिरतं बल म्हणजे आडव्या दिशेचा एक हार्मोनिक भार आणि उभ्या दिशेचा तेवढाच दुसरा, दोघांत ९० अंशांचा फरक. दोन्हींना एकच फेज दिला तर बल फिरणार नाही, ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत मागेपुढे करत राहील, तेही १.४१४ पट मोठं होऊन. ही चूक सर्रास दिसते, आणि ती उघडी पडत नाही, कारण उत्तर दिसायला ठीकच असतं.

९० आणि −९० यांतला फरक म्हणजे फिरण्याची दिशा. साध्या चौथऱ्याच्या आयामावर त्याचा फारसा फरक पडत नाही, पण वेगाने फिरणाऱ्या रोटरच्या गणितात जायरोस्कोपिक परिणाम येतो, म्हणजे फिरतं चाक आपला अक्ष कलू द्यायला विरोध करतं. तिथे पुढच्या आणि उलट दिशेच्या भ्रमणाच्या वारंवारता वेगळ्या असतात, म्हणून चिन्ह चुकलं तर नको तो मोड चेतवला जातो. कुठलं सॉफ्टवेअर फेज पुढे मोजतं आणि कुठलं मागे, हे दोन भारांच्या छोट्या नमुन्यावर एकदा तपासून घेतलेलं बरं.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात फेजचा आणखी एक पैलू दिसतो. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबर वर-खाली होतात, मधले दोन त्यांच्या उलट. फेज झाले ०, १८०, १८०, ०, आणि मुख्य बलं खोडली जातात. पण पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, तिरपेपणामुळे दुप्पट वारंवारतेचंही एक बल तयार होतं, आणि दुप्पट वारंवारतेला कोनही दुप्पट होतात: ०, ३६०, ३६०, ०. म्हणजे चारही एका सुरात! त्यांची बेरीज चौपट होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी यावर तोडगा काढला, क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांच्या उलट फिरणारे दोन तोल-शाफ्ट. उलट फिरणाऱ्या दोन वजनांची आडवी बलं एकमेकांना मारतात आणि उभी जमा होतात, ती बरोबर विरुद्ध फेजमध्ये ठेवली की काम झालं. म्हणून मूळ वारंवारतेला दिलेला फेज तिच्या पटींना तसाच चिकटवू नये.

फेज माहीतच नसेल तर

हा प्रश्न व्यवहारात सगळ्यात जास्त येतो, आणि दुर्दैवाने त्याला उत्तरही सगळ्यात आळशी दिलं जातं. वेगवेगळ्या सुरू केलेल्या दोन इंडक्शन मोटारींमध्ये ठरावीक कोन नसतोच. एक १४८० फेऱ्यांवर आणि दुसरी १४७८ वर चालत असेल, तर दर ३० सेकंदांनी त्यांच्यातला फेज पुरी ३६० अंशांची फेरी मारतो. जमिनीवर उभं राहिलं की कंपन हळूहळू वाढताना आणि ओसरताना जाणवतं, ते यामुळेच. हा बदल इतका संथ असतो की प्रत्येक क्षणी रचना स्थिर लयीत आहे असं मानून गणित करता येतं. फक्त कुठला कोन घ्यायचा?

शून्य, ९० आणि १८० अशा तीन कोनांसाठी तीन धावा करून, म्हणजे संगणकावर गणित तीनदा चालवून, त्यातलं मोठं उत्तर घ्यायचं, ही रूढ पद्धत. ती फसू शकते. एखाद्या बिंदूवर पहिल्या भारामुळे ५ मायक्रॉन, फेज −९०, आणि दुसऱ्यामुळे ५ मायक्रॉन, फेज शून्य असं समजा. दुसऱ्या भाराचा कोन शून्य ठेवला तर बेरीज ७.०७. ९० ठेवला तर शून्य. १८० ठेवला तर पुन्हा ७.०७. खरं सर्वाधिक मूल्य १० आहे आणि ते २७० अंशांना येतं, जिथे कुणी बघितलंच नाही.

यातून सुटायची वाट सोपी आहे. गणित रेषीय आहे, म्हणजे भारांचे परिणाम सुटे काढून मिळवता येतात, म्हणून प्रत्येक भार एकट्याने लावून संमिश्र उत्तर साठवायचं. दोन भार तर दोन धावा. मग कुठलाही कोन हवा असेल, तर दुसऱ्या उत्तराला तेवढ्या कोनात फिरवून पहिल्यात मिळवायचं, समीकरण पुन्हा सोडवायचं नाही. आणि फेज पूर्ण मोकळा असेल तर तेवढंही करायला नको: एका दिशेच्या विस्थापनाचं सर्वाधिक मूल्य म्हणजे दोन आयामांची साधी बेरीज, किमान मूल्य म्हणजे त्यांची वजाबाकी. हे प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक वारंवारतेला वेगळं काढायचं. 'सगळ्यात वाईट फेज कुठला?' हा प्रश्न पूर्ण रचनेबद्दल विचारताच येत नाही. एका बिंदूला जो कोन सगळ्यात वाईट, तोच दुसऱ्याला सगळ्यात चांगला असू शकतो.

भार शेकड्यांनी असतील, तर सगळ्यांची सरळ बेरीज फारच कडक होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या १०० सारख्या भारांचा परिणाम साधारण १०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे एकाच्या १० पट असतो. पण 'संबंध नसलेल्या' या अटीवर सगळं उभं आहे. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल आडवा हलू लागल्यावर चालणाऱ्यांची पावलं त्या हालचालीवर अवलंबून राहिली आणि त्यांच्या आडव्या बलाने हालचालीला खतपाणीच घातलं. ३७ द्रव डॅम्पर आणि ५२ ट्यून्ड मास डॅम्पर, म्हणजे कंपन जिरवणारी उपकरणं, बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. रचनेची हालचालच भारांचे फेज ठरवू लागली, तर बाहेरून कोन भरून केलेलं गणित अपुरं पडतं.

स्ट्रेस वाचताना

विस्थापनाची आणि स्ट्रेसच्या, म्हणजे पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाच्या, एकेका घटकाची बेरीज फेजसकट सरळ होते. फॉन मिसेस स्ट्रेसची, म्हणजे हे सगळे घटक एकत्र करून काढलेल्या एकाच आकड्याची, होत नाही, कारण त्यात वर्ग आणि वर्गमूळ आहेत. प्रत्येक घटकाचा आयाम घेऊन फॉन मिसेस काढलं, तर वेगवेगळ्या क्षणांची शिखरं एकत्र येतात आणि चिन्हं हरवतात. उत्तर जास्तही येऊ शकतं, कमीही. वास्तव आणि काल्पनिक भागांचं वेगवेगळं फॉन मिसेस काढून जोडणंही चुकीचंच. बरोबर रीत अशी: आवर्तनाचे, समजा, दर पाच अंशांना तुकडे करायचे, प्रत्येक क्षणाला सगळे घटक त्या क्षणाचे घ्यायचे, त्यांचं फॉन मिसेस काढायचं आणि मग त्यातलं सर्वाधिक शोधायचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही फेज-स्वीपची सोय असते, फक्त ती निवडावी लागते. एकूण विस्थापनाचंही तसंच. एक मायक्रॉन त्रिज्येच्या वर्तुळात फिरणाऱ्या बिंदूचे आडवा आणि उभा आयाम दोन्ही १ येतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १.४१४ दाखवतं, पण तो बिंदू केंद्रापासून एका मायक्रॉनच्या पलीकडे कधीच जात नाही.

मॉडेल सममित आहे म्हणून अर्धंच बांधण्याची सवय इथे महागात पडते. सममितीची अट घातली की अर्ध्या मॉडेलमधून विषम मोड, म्हणजे एक अर्धा वर तर दुसरा खाली जाणारे, हद्दपार होतात, आणि विरुद्ध फेजचे भार नेमके तेच चेतवतात. पूर्ण मॉडेल बांधावं, नाहीतर एकदा सममित आणि एकदा विषम अट लावून दोन धावा कराव्यात.

वारंवारतेच्या पायऱ्याही बारीक हव्यात. २ टक्के डॅम्पिंगला २५ हर्ट्झच्या मोडचं शिखर जेमतेम १ हर्ट्झ रुंद असतं, पायरीही तेवढीच ठेवली तर शिखराचं टोक दोन पायऱ्यांच्या फटीतून निसटतं. तिथे ०.१ हर्ट्झची पायरी घ्यावी.

उत्तराची शहानिशा करायला सोपी चाचणी म्हणजे वारंवारता शून्याजवळ नेणं. तिथे डॅम्पिंग आणि वस्तुमान दोन्ही गप्प बसतात, म्हणून वास्तव भाग हा वास्तव भारांच्या स्थिर गणिताशी जुळला पाहिजे आणि काल्पनिक भाग काल्पनिक भारांच्या. फक्त घर्षणासारख्या डॅम्पिंगसाठी ताठरतेलाच काल्पनिक भाग जोडला असेल, तर त्याचा थोडा अंश शून्यापाशीही उरतो. महागडी चाचणी म्हणजे एकच वारंवारता घेऊन काळाच्या पायऱ्यांनी गणित करणं. २ टक्के डॅम्पिंगला सुरुवातीची खळबळ एक टक्क्यावर यायला सुमारे ३७ आवर्तनं जातात, आणि आवर्तनाला २० पायऱ्या धरल्या तरी साडेसातशेच्या आसपास पायऱ्या होतात. हार्मोनिक गणितात त्याच कामाला एकच संमिश्र समीकरण लागतं.

तरीही ती महागडी वाट काही ठिकाणी टाळता येत नाही. बोल्टचा जोड प्रत्येक आवर्तनात उघडत-मिटत असेल, रबराचा पाया जास्त दाबल्यावर कडक होत असेल किंवा दोन भागांत फट असेल, तर भार वेगळे लावून उत्तरं मिळवण्याचा आधारच उरत नाही. हार्मोनिक गणित अशा फटी सुरुवातीला जशा होत्या तशाच गोठवून टाकतं. त्या ठिकाणी दोन्ही भार त्यांच्या फेजसह एकत्र लावून काळाच्या पायऱ्यांनी चालावं लागतं, आणि फेज मोकळा असेल तर प्रत्येक कोनासाठी ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.